शस्त्रक्रिया मोफत, भाकरी ज्याची त्याची

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात एका कैद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. कैदी होते महात्मा गांधी. येरवड्याच्या तुरुंगात ते सहा वर्षांची शिक्षा भोगत होते आणि अपेंडिक्सच्या दुखण्याने त्यांची प्रकृती एकाएकी चिंताजनक झाली होती. कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया हाती घेतली; ती चालू असतानाच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ही हकीकत पुणेकरांना तोंडपाठ आहे, आणि ती खोली स्मारक म्हणून आजही जपून ठेवलेली आहे. परंतु या हकीकतीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. ५ फेब्रुवारीला सरकारने गांधीजींची बिनशर्त सुटका केली; समुद्रकाठी दीर्घ विश्रांती हवी, असा वैद्यकीय अभिप्राय त्यासाठी पुढे करण्यात आला. सुटकेमागे राजकारण नव्हतेच असे कोणी म्हणणार नाही, कारण लंडनमध्ये त्याच जानेवारीत मजूर पक्षाचे सरकार अधिकारावर आले होते. पण कारण म्हणून जे सांगितले गेले ते महत्त्वाचे आहे. मार्चमध्ये गांधीजी जुहूला गेले आणि मेअखेरपर्यंत तेथे राहिले. टाके पडल्यापासून साबरमतीला परतेपर्यंत साडेचार महिने लोटले. साम्राज्यशाहीच्या दप्तरालाही एवढे मान्य होते की, शल्यविशारदाने सुरी खाली ठेवली म्हणजे शस्त्रक्रिया संपत नाही.

त्याआधीची पाच वर्षांपूर्वीची गोष्ट याहूनही बोलकी आहे. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना १९१८ साली गांधीजींना आमांशाने गाठले आणि त्यांचे शरीर पार खंगले. पुढे गुदद्वाराच्या भेगांनी खाण्याचीच धास्ती वाटावी, अशी अवस्था झाली. मुंबईचे डॉ. दलाल यांनी तपासून स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्यावाचून हे शरीर पुन्हा उभे करता येणार नाही. गांधीजींनी दूध वर्ज्य करण्याचे व्रत घेतलेले होते. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, हा तोडगा कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी तो स्वीकारला आणि त्याची रुखरुख जन्मभर बाळगली. शेळीचे दूध सुरू झाल्यानंतर, १९१९ च्या जानेवारीत, डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी दूध, मग सुरी. व्रतापेक्षा शरीराची उभारणी मोठी ठरली, आणि ती शस्त्रक्रियेच्या आधी सुरू झाली.

आता आजच्या पुण्यात यावे. मार्केट यार्डात पोती वाहणारा एखादा हमाल घ्यावा. वर्षानुवर्षे ओझे उचलून पोटाच्या भिंतीवर ताण येतो आणि एक दिवस जांघेत गाठ दिसू लागते. तो ती दोन वर्षे कमरेला घट्ट फडके बांधून सोसतो. अखेर डॉक्टर सांगतात की हर्निया आहे, आतडे अडकण्यापूर्वी शस्त्रक्रिया करून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली, किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेहमीच्या व्यवस्थेत, ती होते. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, औषधे, जाळी, खाटेचे भाडे आणि रुग्णालयात असेपर्यंतचे जेवण, यांतील कशाचाही भार योजनेच्या रुग्णावर पडू नये असे कागदावर आहे. घरी जाण्यासाठी एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेसुद्धा योजनेच्या तपशिलात आहे. २०२३ साली शासनाने या योजनेतील कुटुंबामागची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय घेतला. हे सर्व कष्टकऱ्यांच्या चळवळींच्या रेट्याने पदरात पडलेले आहे आणि ते हिणवण्याचे कारण नाही. पण घरी सोडताना हमालाच्या हाती जो कागद दिला जातो, त्याच्या तळाशी दोन ओळी असतात: पौष्टिक आहार घ्यावा, दीड महिना जड वजन उचलू नये.

या दोन ओळींची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न आहे. पोते न उचलल्यास त्या दिवसाची मजुरी नाही आणि मजुरी नसेल तर पौष्टिक आहार नाही. पहिली ओळ पाळावयाची तर दुसरी मोडावी लागते. लाखाच्या घरातील उपचार शासन मोफत करते आणि त्या उपचाराचे यश ज्यावर अवलंबून, ती भाकरी ज्याची त्याच्यावर सोपवून मोकळे होते.

यश आहारावर अवलंबून असते, हे काही भाबडे म्हणणे नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील स्टडली या शल्यविशारदाने १९३६ साली जठराच्या व्रणावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले होते, त्यांच्यापैकी एकतृतीयांश दगावले होते. इतरांत हे प्रमाण शेकडा साडेतीन होते. सुरी तीच होती आणि रोगही तोच होता. पुढे १९७४ साली बॉस्टनच्या एका नगरपालिका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागातील रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मे रुग्ण प्रथिनांच्या बाबतीत कुपोषित आढळले. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील रुग्णालय, पण नगरपालिकेचे, म्हणजे गरिबांचे. खाटेवरचा रुग्ण उपाशी आहे याकडे पांढऱ्या डगल्यातील फारसे कोणाचे लक्ष जात नव्हते. कारण तापाचा तक्ता होता, नाडीचा तक्ता होता, भुकेचा तक्ता नव्हता.

कारण समजण्यास फार अवघड नाही. शस्त्रक्रिया ही शरीराच्या दृष्टीने एक जखमच असते. जखम भरण्यासाठी नवे ऊतक विणावे लागते, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी वाढवाव्या लागतात, आणि हा सारा माल प्रथिनांचा असतो. बाहेरून माल आला नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून तो मिळवते. अंगावर चार किलो मांस जास्त असलेला मनुष्य हे दोन आठवडे निभावून नेतो. हमालाजवळ, मोलकरणीजवळ, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाईजवळ ही शिल्लक नसते. तिचे स्नायू हेच तिचे भांडवल, आणि तेच मोडून ती जखम शिवते. शिवाय रक्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया ज्या स्थितीत आहेत, त्याच स्थितीत त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतात.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही गरज सुमारे दीड ग्रॅमपर्यंत जाते असे आहारवैद्यक मानते. पन्नास किलो वजनाच्या कष्टकऱ्याला, म्हणजे, दिवसाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने हवीत. ती कोठून यावीत? औषधांच्या दुकानात प्रथिनांच्या भुकटीचे रंगीत डबे मांडलेले असतात, आणि रुग्णाच्या हवालदिल नातेवाइकाला उधारी करून तो डबा घेणे हीच सेवा वाटते. वस्तुतः दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात, अर्धा लिटर दुधात सोळा, दोन अंड्यांत बारा-तेरा, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीत अकरा आणि मूठभर, म्हणजे चाळीस ग्रॅम, शेंगदाण्यांत दहा. बेरीज सत्तरच्या घरात जाते. यात एकही वस्तू परदेशी नाही, एकही दुर्मीळ नाही; सगळी मंडईत मिळते. मधुमेहाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने, आणि आतड्यावर शस्त्रक्रिया झालेल्याने, डॉक्टरांना विचारूनच ताट ठरवावे हे खरे. पण बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत अडचण शास्त्राची नाही. ज्याच्या घरी महिन्याला चार अंडी येतात, त्याला दिवसाला दोन आणावयाची आहेत, ही अडचण आहे.

अर्थात सगळा दोष खिशाचा नाही. रूढीही रुग्णाला उपाशी ठेवते. डाळीने जखम चिघळते, अंडे उष्ण पडते, दह्याने सूज येते, अशा समजुती पेठांतूनही आहेत आणि वस्त्यांतूनही आहेत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर आठवडा-आठवडा तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर आणि चहा-बिस्किटे चालू राहतात. भेटीस येणारा पाहुणा रुग्णालयाच्या दारातील शहाळे घेऊन वर जातो. शहाळ्यात पाणी आणि क्षार असतात, प्रथिने नावापुरती. त्याच पैशांत उकडलेली अंडी किंवा भाजलेले चणे-शेंगदाणे आले असते. पण ते नेणे पाहुण्याला कमीपणाचे वाटते. आजारी माणसाला भेटावयास चणे घेऊन कोण जातो?

याउलट, शरीर फाटल्यावर ते अन्नाने आणि विश्रांतीने सांधावे लागते, हे महाराष्ट्राच्या घराघरांतील बायकांना शतकानुशतके ठाऊक आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, तूप, आणि सव्वा महिना घराबाहेरच्या कामाला हात लावावयाचा नाही, हा दंडक कोणा आहारतज्ज्ञाने घालून दिलेला नव्हता. बाळंतपणासाठी जे शहाणपण समाजाने जमविले, ते हर्नियाच्या, गर्भाशयाच्या, मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेला मात्र लागू झाले नाही. आणि हेही विसरता कामा नये की, ज्या घरात तूप होते त्याच घरात हा दंडक पाळला गेला. शेतमजूर बाई सातव्या दिवशी खुरपे घेऊन शेतात गेली. आजही तेच चालू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या शस्त्रक्रिया आवश्यक होत्या काय, यावर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. पण शस्त्रक्रियेनंतर त्या बायकांनी काय खाल्ले, किती दिवस विश्रांती घेतली आणि मुकादमाची उचल डोक्यावर असताना ती घेता येणे शक्य तरी होते काय, हा प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून निसटला.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपासाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णाला तो सर्वांत जाचतो. भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६ साली बाळंतिणींच्या संदर्भात हा धोका तपशिलाने मांडला आणि तो अगदी खरा आहे. त्यातून मध्यरात्रीपासून थेंबभर पाणीही नाही, असा सरसकट नियम रूढ झाला. परंतु भूलशास्त्राने हा नियम केव्हाच सैल केला. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक सूत्रे दिली, त्यांप्रमाणे सर्वसाधारण रुग्णाला हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी किंवा दुधाशिवायचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. डेन्मार्कचे शल्यविशारद केलेट यांनी १९९० च्या दशकात याच्या पुढे जाऊन दाखविले की, शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला लवकर खाऊ घातले, लवकर चालविले, तर तो लवकर घरी जातो. हे आता महागड्या रुग्णालयांच्या जाहिरातींतही वाचावयास मिळते. जनरल वॉर्डात मात्र रात्री दहाला जेवण बंद होते, सकाळी यादी लागते, दुपारी तातडीचा रुग्ण येतो आणि संध्याकाळी सांगितले जाते की तुमची शस्त्रक्रिया उद्या. वीस तास उपाशी राहिलेल्या त्या माणसाला रात्री जे मिळेल ते खाऊन पुन्हा दहापासून उपास सुरू करावा लागतो. दोष तेथील परिचारिकेचा नाही. तिच्यावर किती खाटांचा भार आहे हे पाहिले म्हणजे कोणीही तिला बोल लावणार नाही. शस्त्रक्रियागृहे थोडी, भूलतज्ज्ञ थोडे आणि रुग्ण उदंड, या गणितातून हा उपास निघतो. आणि ते गणित अर्थसंकल्पात मांडले जाते.

औषधाबरोबर अन्न देणे हे शासनाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल तर शासनाने ते स्वतःच अनेकदा मान्य केले आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेने बाळंतपण झाल्यास सात दिवस मोफत आहार द्यावा असे ठरले. म्हणजे पोट फाडले तर आहार अधिक दिवस, हे तत्त्व सरकारी कागदावर आलेले आहे. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना एप्रिल २०१८ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजार करण्यात आली. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांना तांदूळ, डाळ असे धान्य दरमहा प्रत्यक्ष देऊन जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले: धान्य मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने रोग अडतो, याहून अधिक पुरावा कोणाला हवा आहे? आणखी एक गंमत पाहावी. कर्मचारी राज्य विमा योजनेने आजारी कामगाराला मजुरीच्या ७० टक्के भत्ता ठरविला. पण कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला पूर्ण मजुरी, पुरुषास सात दिवस आणि स्त्रीस चौदा दिवस. शस्त्रक्रियेनंतर पुऱ्या मजुरीनिशी विश्रांती हवी हे राज्यकर्त्यांना समजते, पण कामगाराने मुले थांबवावीत ही त्यांचीच गरज असते तेव्हा.

या विमा योजनेत येतात ते तरी भाग्यवान. माथाडी कायदा १९६९ साली झाला, त्यामुळे मंडळात नोंद असलेल्या हमालाला काही आधार मिळाला. नोंद नसलेल्याला, बिगारी कामगाराला, घरकाम करणारीला, पथारीवाल्याला तोही नाही. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशातून जी योजना आली, तिच्यात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आहेत. त्या योजनेत निर्धन रुग्णाला जेवणही मोफत आहे. मात्र रुग्णालय जेवण पुरवीत असेल तर. असे ‘तर’ लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो हे नेमके माहीत असते.

पुण्याला याचे उत्तर बाहेरून शोधण्याचे कारण नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाकरी, झुणका, भाजी, आमटी असे साधे, ताजे, पोटभर जेवण कष्टकऱ्याला त्याच्या कामाच्या जागेजवळ मिळावे, ही त्यामागची कल्पना. ती खैरात नव्हती. खाणारा दाम मोजत होता, रांधणाऱ्या बाईला रोजगार मिळत होता आणि चालविणारी संघटना कष्टकऱ्यांचीच होती. पुढे सरकारांनी झुणका-भाकर केंद्रे काढली, ती बुडाली. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. थाळीत प्रथिने किती, हा हिशेब कोणी फारसा विचारला नाही. अंड्याचे नाव काढले की तर राज्यकर्त्यांचा धर्म जागा होतो. शालेय पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय २०२३ साली झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला गेला. ज्या राज्यात शाळकरी पोराच्या अंड्याची ही गत, तेथे हर्नियाच्या हमालाला दोन अंडी द्या म्हणणे धाडसाचे आहे. म्हणूनच ते म्हटले पाहिजे.

मागणी नेमकी असावी. फुले योजनेच्या शस्त्रक्रियांच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरच्या सहा आठवड्यांचा आहार समाविष्ट व्हावा. धान्याची पिशवी डाळ, शेंगदाणे, दूधपावडर, तेल यांची असावी आणि जो खातो त्याला अंडी मिळावीत. ती रेशन दुकानातून किंवा स्त्रियांच्या बचत गटांमार्फत घरपोच व्हावी. बँकेच्या खात्यात पैसे नकोत. कारण क्षयरुग्णांच्या पैशांचा अनुभव असा की ते उशिरा येतात, आणि आले की आधी घरभाडे भागते. त्यात रुग्णाचा दोष नाही. पण जखम घरभाड्याने भरत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल आणि तातडीची नसेल, तर बाह्यरुग्ण विभागात वजन करावे, गेल्या सहा महिन्यांत किती घटले ते विचारावे, हिमोग्लोबिन पाहावे आणि गरज असेल तर पिशवी दोन आठवडे आधीपासून सुरू करावी. वजनकाटा प्रत्येक विभागात आहे. विचारणारा नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न वित्त विभाग विचारील. जखम चिघळून रुग्ण परत आला तर खाट, ड्रेसिंग, प्रतिजैविके, कधी दुसरी शस्त्रक्रिया, यांचा खर्च तेच शासन त्याच योजनेतून किंवा त्याच रुग्णालयातून करते. डाळीची पिशवी त्याहून महाग पडेल असे कोणी हिशेब करून दाखवावे. चळवळीतल्याच काही मंडळींचा आक्षेप निराळा असतो: मूळ प्रश्न मजुरीचा आहे, किमान वेतन मिळाले तर पिशव्या वाटाव्या लागणार नाहीत, हे सारे ठिगळ लावणे आहे. मूळ प्रश्न मजुरीचा आहे हे निर्विवाद. परंतु पोटाला वीस टाके पडलेल्या माणसाला क्रांतीपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. ज्यांच्या नावाने ही आरोग्य योजना आहे, त्या जोतिरावांनाही दुष्काळाचे मूळ सरकारी सारापद्धतीत आणि शेतकऱ्याच्या लुटीत आहे हे पुरते ठाऊक होते. तरी १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी छावणी उघडलीच. पुस्तक लिहिणे आणि भाकरी थापणे ही दोन्ही कामे त्यांनी केली.

आणि एक गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्वतःशी कबूल करण्याजोगी आहे. वस्तीतील कोणाची शस्त्रक्रिया निघाली की कार्यकर्ता धावतो. खाट मिळवून देतो, रक्तदाते गोळा करतो, कागदपत्रांसाठी तहसील कचेरीत उभा राहतो, धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याशी भांडतो. रुग्ण घरी गेला की त्याचे काम संपते. पुढचा रुग्ण वाट पाहत असतो. खरे म्हणजे चाळीस दिवसांचे दुसरे काम त्या दिवशी सुरू होते, आणि ते फार मोठे नाही. घरी सोडण्याच्या दिवशी सोबत जावे. त्या कागदावरच्या दोन ओळी घरातल्यांना समजावून सांगाव्यात, विशेषतः सासूला आणि नवऱ्याला, कारण बाईच्या ताटात काय पडावयाचे ते बहुधा हीच माणसे ठरवितात. पेजेऐवजी वरण दाट करावे, चहाऐवजी दूध द्यावे, डाळीने पू होत नाही हे न कंटाळता सांगावे. शेजारच्या चार घरांनी आठवड्यातून एकेक दिवस दोन अंडी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवावी, इतके ठरविता आले तरी पुष्कळ. संघटना असेल तेथे संघटनेने सहा आठवड्यांच्या मजुरीसाठी बिनव्याजी उचल द्यावी, म्हणजे माणूस पंधराव्या दिवशी पोत्याकडे वळणार नाही.

या कामाची वहीही ठेवावी. शस्त्रक्रियेच्या आधीचे वजन, घरी सोडतानाचे, चाळिसाव्या दिवशीचे. किती दिवस उपास घडला. टाके भरले की चिघळले. कामावर कोणत्या दिवशी परतावे लागले. नाव लिहू नये, वस्ती आणि धंदा लिहावा. पुणे शहरातील प्रत्येक शाखेने वर्षभरात दहा रुग्णांची जरी नोंद केली, तरी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांसमोर निवेदनाच्या जोडीला ठेवावयास ती वही हाती असेल.